कूपन, डीमार्ट की सियागंज? दोघांच्या घराचा किराणा स्वस्तात कसा भरायचा

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल काय चाललंय ते. नवीन लग्न, दोघंही इंदुरात सुपर कॉरिडॉरला नोकरीला, घर महालक्ष्मी नगरात, आणि किराणा-भाजी-दूध-साबण सगळं धरून महिन्याचे बारा हजाराच्या आसपास जातात, ते तुला जास्त वाटतात. न्यू जर्सीची ताई म्हणते कूपनं लाव, मी तर अर्ध्या किमतीत गाडी भरून आणते. बायको म्हणते सरळ डीमार्टला जाऊ. बाबा म्हणतात किराण्याचा होलसेल बाजार म्हणजे सियागंज, ते सोडून दुसरीकडे पाय ठेवायचा नाही. आणि तू तिघांच्या मध्ये बसून रात्री अकरा वाजता अ‍ॅपवर कूपन कोड टाकून बघतोयस.

मी सुदामा नगरात डबे करते, बरीच वर्षं झाली आता. भंवरकुआँला कोचिंगसाठी आलेली मुलं आणि आसपासचे एकटे राहणारे आजी-आजोबा माझ्याकडचं जेवतात. डब्याचा भाव मी मनात येईल तसा वाढवू शकत नाही, मुलांचा खिसा ठरलेला असतो, त्यामुळे चार पैसे वाचायचे असतील तर ते खरेदीतच वाचवावे लागतात. म्हणून मला हे सगळं करून बघावं लागलंय, कूपनं पण, डीमार्ट पण, सियागंज तर आहेच.

तर बघ, तिघंही आपापल्या सामानापुरते बरोबर आहेत. कूपन हे ब्रँडच्या पाकिटावर चालणारं हत्यार आहे, आणि आपल्या घरातला निम्म्याहून जास्त खर्च पाकिटातला नसतोच. गहू, डाळ, तांदूळ, भाजी, दूध यांना कोण कूपन देणार? ताईच्या घरात उलटं आहे, तिची गाडी भरते ती सीरियल, फ्रोजन, टिशू पेपर, लिक्विड सोप यांनी, सगळा माल कंपनीचा. तिथे कंपनी स्वतः कूपन काढते, दुकानदार ते घेतो आणि कंपनी दुकानदाराला ते पैसे वर थोडा हाताळणीचा खर्च धरून परत देते. म्हणजे दुकानाच्या खिशातून काही जातच नाही, म्हणून तो खुशाल घेतो. वरून दुकानाचं स्वतःचं वेगळं कूपन असेल तर काही ठिकाणी दोन्ही एकाच वस्तूवर लागतात. ही पद्धत तिकडे फार जुनी, कोका-कोलाने १८८७ साली फुकट ग्लासची कूपनं वाटली तेव्हापासूनची. आणि गंमत म्हणजे तिकडेही जे खरं स्वस्त दुकान आहे ना, ऑल्डी, ते कंपनीची कूपनं घेतच नाही! स्वतःच्या ब्रँडचा माल, मोजक्या वस्तू, ट्रॉलीसाठी सुद्धा नाणं अडकवावं लागतं, पण भाव मुळातच खाली. तेव्हा कूपन की स्वस्त दुकान हा वाद ताईच्या गावातही मिटलेला नाही, तिला एकदा विचार ती ऑल्डीत जाते का.

आपल्याकडे कंपनीचं कूपन का रुजलं नाही तर पाकिटावर एमआरपी छापलेली असते म्हणून. सूट द्यायची असेल तर एमआरपीपेक्षा कमीत विकायचं, झालं, कात्रणं जपायची भानगड कशाला. कंपनीला ग्राहकाला काही द्यायचं असेल तर ती वीस टक्के जास्त देते, नाहीतर ब्रश फुकट चिकटवते. दुकानदाराला द्यायचं असेल तर स्कीम देते, बारा पेट्यांवर एक अशी, आणि ती स्कीम तुझ्यापर्यंत पोचायची का नाही ते दुकानदाराच्या मर्जीवर.

आता तुझे बारा हजार फोड. मी अंदाजाने फोडते, तू तुझी बिलं काढून बघ. दूध-दही-तूप तीन हजार, भाजी-फळं तीन हजार, गहू-तांदूळ-डाळी-साखर-तेल अठ्ठावीसशे, साबण-डिटर्जंट-चहा-बिस्किटं-टूथपेस्ट-मॅगी हा पाकीटवाला माल पंचवीसशे, उरलेले सातशे मसाले-पोहे-शेंगदाणे. यात ब्रँडवाल्या सवलती जिथे जोरात लागतात तो भाग पंचवीसशेचा. त्याच्यावर तू जीव तोडून दहा टक्के वाचवलेस तर अडीचशे रुपये. वाईट नाही, पण त्यासाठी रोज रात्री अर्धा तास फोन घेऊन बसणार असशील तर बायको तुला वेगळं बिल लावेल.

तू म्हणशील काकू, अ‍ॅपचं कूपन तर पूर्ण कार्टवर लागतं, डाळीवर पण लागतं. लागतं ना. पण खालची बारीक अक्षरं उघडून वाच, बऱ्याच कूपनांतून तेल, तूप, दूध, साखर, आटा वगळलेले असतात, म्हणजे जे महाग आणि जड आहे तेच नेमकं बाहेर. आणि दुसरं, टक्क्यांना झाकण असतं. समजा लिहिलंय २० टक्के सूट, जास्तीत जास्त १०० रुपये, ऑर्डर किमान ४९९ ची. तू ५०० चं सामान घेतलंस तर खरे वीस टक्के मिळाले. पण १,२०० चं घेतलंस तरी १०० च, म्हणजे सव्वाआठ टक्के, त्यात हँडलिंग, डिलिव्हरी, पावसाचा चार्ज मिळून वीस-तीस रुपये लागले की उरले सहा-साडेसहा. म्हणून मोठा महिन्याचा किराणा कूपनावर कधीच भरू नये, कूपन हे लहान ऑर्डरला लावायचं असतं, आकडा किमान ऑर्डरच्या उंबरठ्याच्या जरासा पुढे गेला की थांबायचं.

उंबरठ्याची खरी मजा वेगळीच आहे. तुला लागणारं सामान झालं ३८० चं. अ‍ॅप सांगतं अजून ११९ चं घ्या आणि १०० वाचवा. तू १२० चे वेफर्स आणि चॉकलेट टाकलंस, ५०० चे झाले ४००. आता हिशोबाने बघितलं तर फक्त वीस रुपयांत १२० चा माल आला, कोणीही म्हणेल फायदाच आहे. पण तो वेफर तुझ्या यादीत नव्हता, आणि हे आठवड्यातून तीनदा झालं की महिन्याला अडीचशे रुपये वेफर्सला जातात आणि पोटही वाढतं. यावर माझा उपाय सोपा आहे. फोनमध्ये भरतीच्या मालाची एक वेगळी यादी ठेव, म्हणजे जे खराब होत नाही आणि लागणारच आहे असं, चहापत्ती, टूथपेस्ट, भांड्याचा साबण, सॅनिटरी पॅड, हिंगाची डबी. उंबरठा गाठायला काही टाकायचंच असेल तर याच यादीतलं टाकायचं. मग ते ३८० चे ५०० खरोखरच ४०० ला पडले, आणि पुढच्या महिन्याची पेस्ट आताच स्वस्तात घरात आली. कूपनाचा एवढा एकच वापर मला पटतो, बाकी नवीन अ‍ॅपवाले पहिल्या ऑर्डरला जे देतात ते घ्यावं, दोघांच्या दोन फोनवरून घ्यावं आणि गप्प बसावं. हो, आणि कार्ट भरून तसंच सोडून दिलं तर कधीकधी एक-दोन दिवसांनी त्यांच्याकडूनच कूपन येतं, घाई नसेल तेव्हा करून बघ.

स्क्रॅच कार्ड, कॅशबॅक पॉइंट, कॉइन वगैरेला मी पैसे मानत नाही. पॉइंट एक्स्पायर होतात, नाहीतर परत त्याच दुकानात खर्च करावे लागतात, तेही पुन्हा किमान ऑर्डरवर. बँकेच्या कार्डाची सूट मात्र खरी असते कारण ती बिलातूनच कापली जाते, फक्त तिलाही वरची मर्यादा असते आणि कार्डाचं बिल तारखेला पूर्ण भरत असशील तरच, नाहीतर व्याजात सगळं धुऊन जातं.

आता बायकोचं डीमार्ट. तिथे कूपन-बिपन काही नाही आणि हेच त्यांचं तंत्र आहे. २००२ साली पवईला पहिलं दुकान काढलं तेव्हापासून त्यांचा धंदा असाच, जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची, कंपन्यांना पेमेंट लवकर, त्यामुळे माल स्वस्त मिळतो आणि बाराही महिने एमआरपीच्या खाली विकता येतो. तुझ्या पंचवीसशेच्या पाकीट-मालासाठी याच्यापेक्षा कमी डोकेदुखीचं काही नाही, ना कोड, ना उंबरठा, ना कुठल्या तारखेची वाट बघणं. महिन्यातून एकदा, पगारानंतरचा पहिला शनिवार-रविवार सोडून, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी उघडल्या उघडल्या जायचं.

पण दोन गोष्टी सांभाळ. एक म्हणजे धान्य-डाळींचा भाग झाला की पुढे कपडे, डबे, बेडशीट, प्लॅस्टिकच्या टोपल्या येतात, दुकानाचा खरा नफा तिथे असतो आणि आपलं वाचलेलं सगळं तिथेच जातं. ९९ चा डबा घरी आणला की त्यात काय भरायचं म्हणून पुन्हा खरेदी. दुसरं म्हणजे मोठं पॅक दरवेळी स्वस्त नसतं, हे लोकांना खरंच वाटत नाही. पाकिटावर आता किमतीजवळच दर ग्रॅम किंवा दर मिली किती पडतात ते छापलेलं असतं, अक्षरं मुंगीएवढी असतात पण असतात, ते वाच. चार किलोच्या डिटर्जंटवर मोठ्ठं ‘सेव्ह’ लिहिलेलं असतं आणि शेजारचं दोन किलोचं, एक बकेट फुकट नसलेलं, किलोला चार रुपयांनी कमी असतं असं मी कितीदा बघितलंय. आणि पूर्वी बिस्किटं, चहा, साबण, तेल असल्या वस्तू ठरावीक वजनातच विकाव्या लागायच्या, आता ते बंधन नाही, त्यामुळे किंमत तीच ठेवून वजन गुपचूप कमी होतं. १०० ग्रॅमचा साबण कधी ८५ चा झाला तुला कळणारही नाही. म्हणून पाकिटाची किंमत पाठ करू नकोस, किलोचा भाव पाठ कर. सगळ्या वस्तूंचा नाही, आपल्या घरात जास्तीत जास्त पैसे खाणाऱ्या पंधरा वस्तूंचा, बस.

बिल दुकानाच्या बाहेर पडायच्या आधी बघायचं, घरी येऊन नाही. एका मोठ्या स्टोअरात फळीवरची चिठ्ठी एक भाव सांगत होती आणि बिलात दुसरा लागला, काउंटरवर दाखवलं तर लगेच कमी केला, म्हणजे त्यांना माहीत होतं. मागच्या लायनीतल्या किती जणांनी बघितलं असेल देव जाणे. एमआरपीच्या वर कोणी घेतलं तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तो लावायचा.

आता बाबांचं सियागंज. मी मनाने बाबांच्याच पार्टीची आहे, पण तू म्हणालास तसं पार्किंग नाही, धक्काबुक्की आहे, हातगाडीवाले अंगावर येतात, आणि दोन किलो डाळीसाठी महालक्ष्मी नगरातून तिथे जाणं म्हणजे जेवढे वाचले तेवढं पेट्रोल. दर महिन्याला जायचं नाहीच मुळी. वर्षातून तीन-चारदा, हंगाम बघून, रेल्वे स्टेशनसारखं गर्दीत उभं राहायची तयारी ठेवून, आणि शेजारच्या एक-दोन घरांना बरोबर घेऊन जायचं. तिथले पुष्कळ दुकानदार थोक बरोबर खेरची, म्हणजे किरकोळ, पण देतात, पाच किलो मागितलं तर कोणी हाकलत नाही.

तिथे फायदा कसा होतो ते नीट सांगते कारण नुसतं ‘होलसेल आहे म्हणून स्वस्त’ असं नसतं. एक तर सुट्या धान्य-डाळींवर जीएसटी नाही, आणि पॅक करून लेबल लावलेलं असेल, २५ किलोपर्यंत, तर ५ टक्के, हे जुलै २०२२ पासून आहे. बाजारात मध्येच २६ किलोचे तांदळाचे, आट्याचे कट्टे दिसायला लागले ते उगाच नाही. म्हणजे पाकिटातल्या डाळीवर कूपन लावून तू जे पाच टक्के मिळवतोस ते कट्ट्यातली सुटी डाळ घेणाऱ्याला आधीच मिळालेले असतात. आणि दुसरं, तिथे तुला प्रत निवडता येते. सुपरमार्केटच्या पाकिटावर फक्त ‘तूर डाळ प्रीमियम’ लिहिलेलं असतं. इंदूरच्या बाजारात तूर डाळ म्हणजे सवा नंबर, फूल, बोल्ड, असे वेगवेगळे माल आणि प्रत्येकाचा वेगळा भाव. सवा नंबर सगळ्यात खालचा, दाणा जरा लहान, फूल त्याच्या वर, बोल्ड अजून वर. रोजच्या वरणाला सवा नंबर मस्त चालते, माझ्या डब्यात तीच असते आणि आजपर्यंत कोणी तक्रार केली नाही, कारण शिजल्यावर डाळ घोटलीच जाते, तिथे दाणा मोठा होता का लहान हे कोण बघतंय. छोल्याचंही तसंच. काबुली डॉलर चणा इथे काउंटवर विकतात, ४२-४४, ५८-६० असा, म्हणजे एका औंसात तेवढे दाणे, आकडा जितका लहान तितका दाणा मोठा आणि भाव जास्त. लग्नाच्या पंगतीला टपोरा हवा असतो, आपल्या रविवारच्या छोल्यांना ५८-६० पुरतो.

डाळ घेताना मूठभर हातात घे, दोन्ही तळव्यांत चोळ आणि तळवा बघ. फार पिवळी-चकचकीत भुकटी लागली, किंवा हात तेलकट झाला तर पॉलिशची डाळ आहे, पुढच्या कट्ट्यात हात घाल. मग एक दाणा दाताखाली धर, कट्ट आवाज होऊन तुटला पाहिजे, दबला तर डाळीत ओल आहे, महिनाभरात जाळी धरेल. वास घे, कुबट येता कामा नये. दुकानदाराला राग येत नाही, उलट जो हात घालून बघतो त्याला तो दुसऱ्यांदा चांगला कट्टा काढून देतो, आणि न बघता ‘भैया दो किलो दे दो’ म्हणणाऱ्याला समोरचाच भरून देतो.

तेलाबद्दल वेगळं लिहिते कारण इथे शिकलेली माणसंही फसतात. १५ लिटरचा डबा आणि १५ किलोचा डबा हे दोन वेगळे डबे आहेत, शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक कळत नाही. सोयाबीन तेल पाण्यापेक्षा हलकं, एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, तेव्हा १५ लिटरच्या डब्यात तेल येतं १३ किलो ६५० ग्रॅम. समजा १५ किलोचा डबा २,२०० ला आहे आणि १५ लिटरचा २,०६० ला. वरवर बघितलं तर दुसरा १४० ने स्वस्त. भाग दे, पहिला पडला किलोला १४६ रुपये ६७ पैसे, दुसरा १५१ च्या जवळ. आणि १४० वाला लिटरचा पाउच किलोला जवळजवळ १५४. अ‍ॅपवर तर पाउच कधी ८५० ग्रॅमचा कधी ९१० ग्रॅमचा कधी लिटरचा, सगळे एकाखाली एक, कूपन लावलेल्या भावासकट, त्यात कोणता स्वस्त ते कॅल्क्युलेटरशिवाय ब्रह्मदेवाला कळणार नाही. तुम्ही दोघंच आहात, तळण फार नसेल तर डबा घेऊ नका, उघडलेलं तेल महिनोन्महिने ठेवलं तर खवट होतं. पाच लिटरचा कॅन बरा, पण भाव किलोत काढून मगच. आणि तेलाचे भाव आपल्या हातात नसतातच, आपला देश निम्म्याहून जास्त खाण्याचं तेल बाहेरून आणतो, सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने आयात शुल्क वाढवलं तेव्हा सणासुदीच्या तोंडावर भाव कसे चढले ते आठवत असेल. अशी बातमी वाचली की त्याच दिवशी एक-दोन कॅन जास्तीचे उचलायचे, तो फायदा कुठल्याही कूपनापेक्षा मोठा.

हंगामाचं मी थोडक्यात सांगते. होळीनंतर नवीन गहू येतो, मार्च-एप्रिलमध्ये लोकवन घ्या, शरबती छान असतो पण महाग, तुम्हा दोघांच्या रोजच्या पोळीला लोकवन उत्तम. दोघांना महिन्याला आठ-नऊ किलो पीठ लागत असेल तर वर्षाला क्विंटल लागतो, पण पहिल्या वर्षी एवढी बेगमी करू नका, ५० किलो घ्या, फ्लॅटमध्ये ऊन कुठे येतं, जागा कुठे आहे हे आधी कळू दे. निवडून, कडक ऊन दाखवून, थंड करून, कोठीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवला तर सोंडे लागत नाहीत. गव्हाचा भाव अधिक चक्कीचं दळण अशी बेरीज कर आणि तयार आट्याच्या पाच किलोच्या पिशवीशी ताडून बघ, किलोला चार-सहा रुपये तरी सुटतात आणि पोळी मऊ राहते ते वेगळं. त्याच सुमाराला निमाडातली लाल मिरची येते, खरगोनकडची बेडियाची मंडी मिरचीचीच आहे, वर्षाचं तिखट तेव्हाच करून घ्यावं, आईला विचार, ती करतच असेल. तूर नवीन येते थंडीत, डिसेंबर-जानेवारीपासून पुढे, तेव्हा घेऊन किंचित एरंडेल चोळून ठेवायची. लसूण मंदसौर-नीमचकडचा उन्हाळ्याच्या तोंडाला सुकलेला मिळतो. गूळ थंडीत, करेलीचा. साबूदाणा श्रावण-नवरात्राच्या आधी महिनाभर घेऊन ठेवायचा कारण उपासाच्या दिवसांत अख्खं इंदूर खिचडीवर असतं आणि भाव चढतो. हे एवढं केलं तरी ते अठ्ठावीसशेचे चोवीसशेपर्यंत येतील असा माझा अंदाज, फक्त खर्च दर महिन्याला सारखा होणार नाही, मार्चमध्ये एकदम मोठी रक्कम जाईल, तेव्हा दर महिन्याला थोडे बाजूला टाकत जा नाहीतर गहू आला की क्रेडिट कार्ड निघेल.

भाजीला कूपनाचा विचारच करू नकोस. चोइथराम मंडी पहाटेची आणि तिथे माल कॅरेटने, दोघांना परवडत नाही, बिल्डिंगमधल्या चार घरांनी मिळून कांदे-बटाटे-लसूण आणले तर ठीक. बाकी घराजवळचा ठेला किंवा हाटबाजार, संध्याकाळी उशिरा, दुकान आवरायच्या वेळेला, मेथी-पालक जवळजवळ अर्ध्यात मिळते, तेवढी लगेच निवडून ठेवायची. अ‍ॅपवर टोमॅटो ‘१ रुपया’ असा दिसला तर तो बाकीच्या कार्टकडे ओढायला ठेवलेला असतो, टोमॅटोसाठी आत जायचं नाही.

आणि एक गोष्ट कूपनवाल्यांनी कधी सांगितली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट वरचा जीएसटी १८ चा ५ झाला, तूप-लोणी १२ चे ५, बिस्किटं-नमकीनही ५ वर. जी पेस्ट ११८ ला होती ती १०५ ला यायला हवी, म्हणजे अकरा टक्के, ना कोड ना काही. तेव्हा कूपनाची सूट बघताना ती कुठल्या किमतीवर आहे ते बघ, अ‍ॅपवर खोडून दाखवलेली किंमत आणि हातातल्या पाकिटावरची एमआरपी जुळली पाहिजे. नाही जुळली तर फोटो काढून रिफंड माग.

नमकीन वरून आठवलं, तुझ्या यादीत सेवचा आकडाच नाही! इंदुरात राहून पोह्यांवर, डाळीवर, भाजीवर सेव लागत नाही असं घर मी तरी बघितलं नाही. ती पाकिटातली घेऊ नकोस, ओळखीच्या दुकानातून सुटी ताजी घे, पण पावशेर-पावशेर घे, किलोभर आणली की किलोभरच संपते, यात काही वाचत नाही. आणि सराफ्यातल्या रात्रीच्या खाण्याचा खर्च किराण्यात धरू नकोस, तो वेगळा लिही, नाहीतर तुझे बारा हजार कधीच कमी होणार नाहीत आणि दोष डाळीवर येईल.

तर बायकोबरोबर महिन्यातून एकदा डीमार्टला पाकीट-मालासाठी, बाबांबरोबर हंगामाला सियागंज आणि मसाल्यांसाठी तिथूनच पुढे मारोठिया बाजार, आणि मध्ये अचानक काही संपलं तर कूपनवाली पाचशेच्या आसपासची एक ऑर्डर. ताईला सांग तिच्या गावात ती बरोबर आहे.

तू शेवटी ऑफिसच्या मील कार्डाचं विचारलं होतंस, सोडेक्सो म्हणायचे ते आता प्लक्सी झालंय. त्यात पैसे येतच असतील तर ते बाहेर पिझ्झ्यावर उडवू नकोस, किराणा दुकानांत कुठे चालतं ते कार्डाच्या अ‍ॅपवर बघ आणि दर महिन्याचं तेल-तूप-चहा त्यातून घे, कारण ते पैसे दुसरीकडे वापरता येत नाहीत. टॅक्समध्ये तुला त्याचा उपयोग आहे का नाही ते एचआरला विचार. अ‍ॅपची वर्षाची मेंबरशिप घ्यायची का, तर गेल्या तीन महिन्यांत डिलिव्हरी चार्ज किती दिलास ते ऑर्डर हिस्टरीतून काढ, त्याला चारने गुण, मेंबरशिपची फी त्याहून कमी असेल तर घे, नाहीतर सोडून दे.